तीन वर्षं कुणी न वाचलेला ब्लॅक बॉक्स

मित्रांनो, मी एक जुना ब्लॅक बॉक्स आहे. नावावर जाऊ नका, मी चांगला भडक नारिंगी आहे, म्हणजे ढिगाऱ्यात पटकन सापडावा. माझ्या भावंडांना आगीत भाजून, आपटून पाहिलं, मगच मला पास करून विमानाच्या शेपटात बसवलं. वेग, उंची, शेपटावरचं सुकाणू, ते वळवणारं वैमानिकाच्या पायाखालचं पेडल, सगळ्याची नोंद माझ्याकडे; फक्त शेवटच्या पंचवीस तासांची, जुनं पुसलं जातं.

नियम असा, की वर्षातून एकदा माझ्यातली माहिती उतरवून प्रत्येक नोंद नीट येते का ते बघायचं. पेडलकडून माझ्याकडे खबर आणणारी तार तुटली, तेव्हापासून मला तिथून नुसतं शून्य येऊ लागलं. मी इमानेइतबारे शून्य लिहीत राहिलो. तपासणीच्या दिवशी थोरले मेकॅनिक चहा पीत म्हणाले, "विमान उडतंय ना? मग डब्याला कोण विचारतं? मागचाच कागद काढा, तारीख बदला." तीन वर्षं हेच चाललं. सही मात्र झोकदार असायची.

मग एकदा उतरताना आडवा वारा आला. सुकाणू हललं नाही, विमान धावपट्टी सोडून इंधनाच्या टँकरवर गेलं. कॅप्टनसकट एकोणीस माणसं जळाली. मी तेवढा शाबूत राहिलो.

चौकशीला कॅप्टनची मुलगी आईला चिकटून बसली होती. प्रश्न एकच होता: सुकाणू अडकलं, की कॅप्टनने पायच दाबला नाही? सुकाणूची यंत्रणा तर वितळून गेली होती. आवाज टिपणाऱ्या शेजारच्या डब्यातून कॅप्टन म्हणाला, "दाबतोय, अरे दाबतोय."

कंपनीचे वकील म्हणाले, "घाबरलेला माणूस काहीही बोलतो."

मग मला वाचलं. पेडल शून्य.

"पंचवीस तास सलग शून्य? तार तुटलेली दिसते," चौकशी अधिकारी म्हणाले.

वकिलांनी तीन वर्षांचे कागद पुढे सरकवले. पेडलची नोंद ठीक, ठीक, ठीक; म्हणजे तार शाबूत. थोरले मेकॅनिक मागच्या बाकावरच होते. त्यांनी नुसता चष्मा पुसला. अहवालात आलं, 'कॅप्टनने पेडल दाबल्याचा पुरावा नाही.' दुसऱ्या दिवशी पेपरात तेच 'कॅप्टनची चूक' झालं.

निघताना मुलगी माझ्या टेबलाशी थांबली. "तू तिथेच होतास ना? मग सांग की."

"चल बाळा," आई म्हणाली, "त्याला काय कळतंय."

मला सगळं कळत होतं आणि माझी मलाच किळस येत होती.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठेपणी विमानांच्या कामाला लागेल. माझं कौतुक नको, मला पुसून चकचकीतही ठेवू नका. वर्षातून एकदा खरोखर वाचा. त्या आगीत गेलेल्या एका प्रवाशाचा मुलगा कॅप्टनच्या मुलीच्याच वर्गात आहे. तिच्या शेजारी बाकावर आता कुणी बसत नाही.