एक बोट कमी

मामांच्या शिलाईच्या दुकानात कात्री फक्त मामांची. बाकीच्यांनी मशीनवर बसायचं आणि ते कापून देतील ते जोडायचं. भाची तिथे आली तेव्हा तिला दोन वेण्या होत्या. आता कानांवरचे केस पांढरे झाले होते. "कात्री पुढे तुझ्याच हातात येणार आहे, पोरी. धीर धर," असं मामा सांगत आणि ती धीर धरे. समोरच्या दुकानाच्या मालकिणीने एकदा कापण्याच्या कामाला बोलावलं, तर मामांना वाईट वाटेल म्हणून हिने नकार दिला. असा धीर तर दगडही धरतो.

मामांची नजर अधू झाल्याचं सगळ्यांत आधी तिला कळलं, आणि तिने दुसऱ्या कुणाला ते कळू दिलं नाही. कधी बाही आखूड निघे, कधी खांदा तिरका जाई. ती शिवणीत आत सोडलेलं जादा कापड, म्हणजे माया, सोडवून, कुठे आतून जोड देऊन सावरून घेई. झाकली मूठ सव्वा लाखाची. गिऱ्हाईक मामांच्या हाताचं कौतुक करत जाई आणि ही वेडी मनातल्या मनात सुखावे.

एके सकाळी मामांनी सगळ्यांना मशीन थांबवायला सांगितलं आणि कात्री आपल्या जावयाच्या हातात दिली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आयुष्यात त्याने साधा रुमाल कापला नव्हता.

"माझ्या हातून आजवर कुणाचं कापड वाया गेलं नाही," मामा म्हणाले. "तुम्हीही नाव राखा म्हणजे झालं, जावईबापू."

भाचीच्या मांडीवर तेव्हा मामांनीच कापलेला कोट होता. डावी बाही बोटभर कमी. तिने ती तशीच शिवली.

कोट एका म्हाताऱ्या कारकुनाचा होता, निवृत्तीच्या समारंभात घालायचा. आरशासमोर तो डावी बाही ओढत राहिला. "असू द्या," शेवटी ओशाळून म्हणाला, "हात खिशात ठेवीन." तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामांनी दोन्ही बाह्या बोटांनी चाचपल्या. चूक शिवणीत नव्हती, कापण्यात होती.

"कधीपासून सावरत होतीस?"

"बरीच वर्षं झाली, मामा."

"मग तोंडाला कुलूप होतं का? मला वाटायचं, पोरगी मशीनवर सुखात आहे. बोलली असतीस तर तुलाच दिली असती."

ते खरं बोलत होते की आता स्वतःलाच सावरत होते, हे तिला कळलं नाही. कधी कळणारही नव्हतं. कारकुनाची बाही तिने नीट करून दिली, बोटातला अंगुस्ताना पिशवीत टाकला आणि रस्ता ओलांडला.

"तेव्हा आली असतीस तर शिकवलं असतं," समोरची मालकीण म्हणाली. "आता तू कापू शकतेस, हे मी कशावरून मानू? मशीन रिकामं आहे, बस."

तिने सावरलेले कोट घालून गावभर लोक हिंडत होते, आणि प्रत्येकाच्या कॉलरला मामांचं नाव होतं. मालकिणीने स्टूल पुढे सरकवलं. सवयीने ती जवळजवळ बसलीच होती.

"मशीनवर नाही बसणार," ती म्हणाली. "कापड द्या, कापून दाखवते."

मालकिणीने एक तुकडा टेबलावर टाकला. भाचीने खडूने रेघ मारली, कात्री उचलली. अंदाजापेक्षा जड होती. चुकलं तर मागून सावरून घेणारं आता कुणी नव्हतं. तिने कापायला सुरुवात केली.