पेल्याच्या तळचा साका

घाटकोपरच्या टेकडीवर पालेबाबाच्या झोपडीपुढे माणसांची रीघ लागलेली असे. १९८४ साली जुलाब-तापाची साथ होती. बाबा शेवग्याचा पाला सगळ्यांदेखत कुटी, फडक्यातून गाळी, आतल्या हंड्यातलं पाणी घालून ढवळी आणि दटावी, "एका दमात प्यायचं! ठेवलंस तर तेज उतरलं!"

माणसं बरी होत होती, हे कबूल करतो. मला त्याचीच जास्त भीती वाटे; नुसत्या पाल्याने इतका झटपट गुण येतो कुठे?

माझी वहिनी मालन जुलाबांनी हैराण झाली होती. पहिल्या पेल्याने जुलाब थांबले. पण दुसऱ्या दिवशी तिच्या ओठावर काळानिळा डाग उमटला, तोंडात फोड आले, पाणीही गिळवेना. माझा थोरला भाऊ काशीराम दुसरा पेला घेऊन आला.

"विष भायर पडता, बाबांनी सांगल्यानी. आता दुप्पट!"

"दादा, जीव घेणार आहेस का तिचा?" मी पेला हिसकावून खिडकीत ठेवला आणि धावत जाऊन दवाखान्यातल्या डॉक्टर मृणालिनींना घेऊन आलो.

त्यांनी डाग पाहिला. "असा पूर्वी आला होता?"

"ह्याच जागेर," वहिनी कशीबशी म्हणाली. "सल्फाच्या गोळ्यांनी. तुमीच बंद केल्यात."

"न सोसणारं औषध पुन्हा पोटात गेलं की डाग त्याच जागी उठतो," डॉक्टर म्हणाल्या.

"पण हेच्यात फक्त पालो आसा!" दादा ओरडला.

"पाल्याची भाजी मी दर गोकुळाष्टमीक आंबोळीवांगडा खातंय," वहिनी म्हणाली. " कधी काय झाला नाय."

मी खिडकीतला पेला आणला. वर हिरवं पाणी आणि तळाला पांढरा साका.

"पाल्याच्या अर्काने प्रयोगशाळेतल्या बशीत काही जंतू मरतात, हे खरं," डॉक्टर म्हणाल्या. "पण बशी म्हणजे माणूस नव्हे. आणि हे पांढरं पाल्याचं नव्हे. हिला आधी इस्पितळात न्या."

वहिनीला पोचवून दादाच टेकडी चढला, मी मागे. रांगेसमोर त्याने हंडा उपडा केला. तळाला पिठासारखा थर होता, आणि चुलीमागे सल्फाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. जुलाब थांबले ते त्यांनीच, आणि वहिनीचा डागही त्यांचाच.

"प्रसाद आहे तो!" बाबा म्हणाला आणि मागच्या वाटेने सटकला. आता तो मुलुंडला असल्याचं ऐकतो. तिथेही म्हणे रांग लागते.

वहिनी वाचली. ओठावरचा डाग मात्र गेला नाही, आणि तो दिसला की दादा मान खाली घालतो.

म्हणून मुलुंडकरांनो, हात जोडून सांगतो: कोणी एका दमात प्या म्हणालं, तर पिऊ नका. पेला खाली ठेवा, थोडं थांबा आणि तळ बघा.