संगणकाची खोळ

१७ नोव्हेंबर २००५. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी डिचोली तालुक्यातल्या एका खाणीत भिकाजीचा रिकामा ट्रक उतारावरून घसरून पाणी साचलेल्या खड्ड्यात गेला. साडेपाचला भिकाजीचा मृतदेह बाहेर काढला. तो मूळचा दोडामार्गकडचा. सर्वणला भाड्याच्या खोलीत बायको कमलबरोबर राहत होता.

त्याची पाळी दोन वाजता संपली होती. मुकादमाने आणखी एक खेप मारायला सांगितली म्हणून तो थांबला. मुकादम आता ते नाकारतो. पोलिसांच्या कागदात कंपनीचे म्हणणे आले आहे : चालकाने गाडी न विचारता नेली.

"माजो घो चोर न्हय," कमलने फौजदाराला सांगितले. तिला दुसरे काही नको होते. ते वाक्य खोडले जावे, एवढेच.

ते खोडू शकणारी नोंद एकाच जागी होती. खेपेवर जाणारा प्रत्येक ट्रक आधी काट्यावर रिकामा तोलला जातो आणि वेळ संगणकात उमटते. काट्यावर कृष्णनाथ होता. त्याने दोन एकतीसला भिकाजीची गाडी तोलली होती. पावती निघाली नाही. प्रिंटर धुळीने सोमवारपासून बंद होता. आणि सव्वातीनला संगणकातून जळका वास आला नि तो बंद पडला.

केबिनच्या खिडक्या बंद ठेवल्या तरी तांबडी धूळ आत येते. जुना संगणक तिनेच गेला होता. नवा आल्यावर कृष्णनाथने त्याच्या डब्याला जाड रेक्झिनची खोळ शिवून घेतली, बाजाच्या पेटीला असते तशी. डबा बंद करून वर घालायची. पण ट्रकांची रांग सकाळपासून तुटत नसे, डबा बंद होत नसे आणि धूळ तर येतच असे. म्हणून खोळ चालू डब्यावरच राहू लागली.

आठवड्याने कंपनीने डबा कृष्णनाथबरोबर दुरुस्तीला पाठवला. त्याने कमललाही बरोबर यायला सांगितले. बसमध्येही धूळ, म्हणून डबा खोळीतच होता.

पणजीच्या दुकानात गौरेश नावाच्या मेकॅनिकने खोळ ओढून काढली, उलटीपालटी केली आणि हसला.

"कोणें शिवली रे ही? दर्जी बरो मरे! वाऱ्याक वाटच दवरूंक ना. पंखो आसा न्हय फाटल्यान," त्याने डब्याच्या मागच्या जाळीवर बोट ठेवले, "तो गुदमरलो. मशीन उकडून मेलें."



"मिया शिवलंय," कमल म्हणाली.

गौरेशचे हसू गेले. त्याने खोळ घडी करून टेबलावर ठेवली. डिस्क आपल्याकडे उघडणार नाही, बंगळुरूला पाठवावी लागेल, असे त्याने खाली बघतच सांगितले.

परतीची बस म्हापशाहून सुटली. मग कृष्णनाथ म्हणाला, "वहिनी, तुमचो दोष ना. ती चालू मशीनीवर दवरपाची न्हय. हांवें दवरली."

"माप तुमीच आणून दिलात," कमल म्हणाली. "वाऱ्याक जागा सोडूची लागता, ह्या माका कोणी सांगूक नाय. माज्या घोवाच्या गाडयेच्या सीटीचा रेक्झिन उरला होता. तेनीच दिल्यानी." थोड्या वेळाने तिने विचारले, "शिवण उसवून दिली तर आता काय उपेग?"

कृष्णनाथने दुसऱ्या दिवशी फौजदारापुढे जबाब दिला : गाडी मी दोन एकतीसला तोलली, चालू संगणकावर खोळ मी ठेवली. कंपनीने त्याला काट्यावरून काढून गोदामात पाठवले. संगणक स्वतःच्या हलगर्जीने जाळणाऱ्याच्या आठवणीवर विसंबता येत नाही, असे कंपनीने लिहून दिले.

बंगळुरूहून २३ जानेवारीला पत्र आले. डिस्कचा काही भाग वाचता आला आहे. १७ नोव्हेंबरच्या नोंदी दुपारी एक अठ्ठावन्नपर्यंत मिळाल्या. पुढच्या भागावर काम चालू आहे.

कमल दर सोमवारी सर्वणच्या नाक्यावरून गौरेशला फोन करते. २० फेब्रुवारीला त्याने सांगितले, अजून काही कळवलेले नाही.