बाबाईची विद्या

कौतूचा मेहुणा इओतेबाची सायकल ढकलत वाळूतून येत होता आणि कौतू नारळ सोलायचं सोडून तिच्याकडं बघत बसला होता. सायकलीला चेन नव्हती, मागचं चाक डगडगत होतं. पण सायकल ती सायकल.

"मागितलीस?" कौतूनं विचारलं.

"मागितली. बुबूस केल्यावर तो काय नाही म्हणणारे? त्याच्या बायकोचं तोंड तेवढं बघण्यासारखं झालं होतं." मेहुणा हसला. "तू अजून गेला नाहीस ते? बस असाच. शेवटी त्याच्या घराच्या चटया राहतील, त्या घेऊन ये."

नातलगानं तोंड उघडून मागितलं की द्यायचं, ही बेटावरची रीत. त्या मागण्यालाच बुबूस म्हणतात. नाही म्हणणाऱ्याची नाचक्की नातवंडांपर्यंत पोचते, त्यामुळं सहसा कुणी नाही म्हणत नाही. इओतेबा तर बायकापोरांसकट न्यूझीलंडला निघालेला. चार दिवसांत त्याचं शिवणयंत्र गेलं, होडी गेली, दोन डुकरं गेली, आणि मेजवानीला लागतं ते मोठं पातेलंही गेलं.

कौतूनं काहीच मागितलं नव्हतं. गावाला याचं नवल वाटत होतं, कारण दोघं सख्खे चुलतभाऊ आणि कौतूला इओतेबाचं काहीही बघवत नाही हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

न्यूझीलंड दरवर्षी इथल्या मोजक्या लोकांना सोडत काढून कायमचं राहायला घेतं. त्या सोडतीत कौतूनं सहा वर्षं नाव घातलं. सहाही वेळा नाही. आता त्यानं सेहेचाळिशी गाठली होती आणि पंचेचाळिशीपुढच्यांना तिकडं घेत नाहीत. इओतेबानं पहिल्यांदाच नाव घातलं, तेही बायकोनं मागं लागून, आणि चिठ्ठी निघाली. ज्या दिवशी रेडिओवरून निरोप आला त्या दिवशी कौतू दिवसभर समुद्रात पाय सोडून बसला आणि गळाला आमिष लावायचं विसरला.

पण खरी आग त्याहून जुनी होती. ती बाबाईची होती. बाबाई म्हणजे अळूचा थोरला भाऊ. गोडं पाणी लागेपर्यंत खड्डा खणायचा, त्यात तो लावायचा आणि वर्षानुवर्षं पोसायचा. कुठल्या झाडाचा पाला, कुठली माती, चंद्राच्या कुठल्या दिवशी घालायची, ही ज्याची त्याची घरची विद्या. बाप मुलाला सांगतो, तीही खड्ड्यात उतरून, दुसरं कुणी नसताना. इओतेबाच्या बापाची विद्या इओतेबाला मिळाली. कौतूचा बाप कौतू तीन वर्षांचा असताना मासेमारीला गेला तो परतलाच नाही, आणि त्याची विद्या त्याच्याबरोबर बुडाली. कौतूनं जे काही केलं ते चाचपडत केलं. आणि वीस वर्षं दर मोठ्या मेजवानीला मानेआबात, गावाच्या सभाघरात, दोन माणसांनी काठीला लटकवून आणलेला बाबाई इओतेबाचा असायचा. कौतूचा एकट्यानं काखेत मारून आणता यायचा.

"जा ना," त्याची बायको तारिया म्हणाली. "मनात कुढत बसण्यापेक्षा माग काय मागायचं ते. उद्या बोट येईल."

संध्याकाळी तो गेला. इओतेबा रिकाम्या ओट्यावर बसला होता.

"ये," इओतेबा म्हणाला. "मला वाटलंच होतं तू शेवटी येणार. काय राहिलंय बघ. मी आणि हा ओटा."

"खड्डा हवाय," कौतू म्हणाला. "आतल्या बाबाईसकट."

त्याला वाटलं होतं, इओतेबाचा चेहरा पडेल. तो पडावा म्हणूनच चार दिवस त्यानं दम धरला होता.

"घे की," इओतेबा म्हणाला. "तू मागितला नसतास तर मीच गळ्यात घालणार होतो. माझ्यामागं त्यात उतरून बघणार कोण दुसरं? गावातली पोरं पालाही घालायची नाहीत."

कौतूचा जीव आणखीच जळला. ज्याच्यासाठी वीस वर्षं तळमळलो ते असं, उरलेली चटई दिल्यासारखं?

"आणि विद्या," तो म्हणाला. "बुबूस करतोय मी. पाला कुठला, माती कुठली, सगळी सांग."

आत इओतेबाच्या बायकोनं काहीतरी बांधता बांधता हात थांबवला.

"ती नाही," इओतेबा म्हणाला.

"काय?"

"दुसरं काहीही माग. अंगावरचा शर्ट माग. ती नाही देणार."

"अरे, तिकडं तू काचेच्या घरात टोमॅटो तोडणार. तिकडं बाबाई उगवतो का? काय करणारेस तिचं, लोणचं?"

"काही नाही करणार."

"मग?"

इओतेबानं मोकळ्या अंगणाकडं पाहिलं. "सगळं तर दिलं, कौतू. मग मी तिकडं काय घेऊन जाऊ?"

कौतू ताडकन उठला. "उद्या मानेआबात सांगतो," तो म्हणाला. "इओतेबानं बुबूस नाकारलं म्हणून. जा मग नाचक्की घेऊन. ती बरोबर नेता येईल."

रात्रभर ते वाक्य त्याला गोड लागत राहिलं. शेवटी एकदाची इओतेबाची मान खाली जाणार होती, आणि ती आपल्या हातानं.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोपाची मेजवानी झाली. मानेआबात प्रत्येक घराण्याची आपापल्या खांबापाशी ठरलेली जागा. इओतेबा, बायको आणि तीन पोरं आपल्या जागी पाठ ताठ करून बसली होती. मधोमध केळीच्या पानावर इओतेबाचा शेवटचा बाबाई होता. तो यंदाही दोघांनी उचलून आणला होता.

म्हातारा तेबाऊ सगळ्यांत वडीलधारा. त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती कौतूवर थांबवली.

"कौतू, काल तू गेलास म्हणे. सगळ्यांच्या शेवटी. एवढं राखून ठेवून काय मागितलंस? आम्हालाही कळू दे."

हशा पिकला. कौतू उभा राहिला. इओतेबानं मान वर केली नाही, त्याचा एक हात मोठ्या पोराच्या गुडघ्यावर होता आणि बोटं पांढरी पडली होती. कौतूनं तोंड उघडलं. वाक्य जिभेवर तयार होतं. पण त्याची नजर त्या पाच जणांच्या जागेवर गेली आणि त्याला उमगलं, की उद्या तिथं कुणी नसेल. परवाही नसेल. मग आपण थोर बाबाई काढला तरी कुणाच्या नाकावर टिच्चून आणायचा? या विचाराचा त्याला विलक्षण राग आला.

"खड्डा मागितला," तो म्हणाला. "आणखीही मागितलं. जे मागितलं ते सगळं दिलं त्यानं."

तो खाली बसला. तारियानं त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा समोर पाहिलं. तेबाऊनं मान डोलावली, आणि जेवणं सुरू झाली.

गलका वाढल्यावर इओतेबा आपलं पान घेऊन त्याच्याशेजारी येऊन बसला. मग मान न वळवता हलक्या आवाजात म्हणाला,

"बोट भरतीला निघणारे. त्याच्या आधी खड्ड्यावर ये. एकटा ये. सांगतो."

वीस वर्षं. कौतूनं पाण्याचा घोट घेतला.

"नको," तो म्हणाला.

"अरे, देतोय मी. मनापासून देतोय."

"म्हणूनच नको. तुझ्या विद्येनं कितीही थोर काढला, तरी लोक म्हणतील, इओतेबाचा बाबाई."

इओतेबानं आपल्या पानातल्या बाबाईचा तुकडा मोडला आणि मोठा भाग कौतूच्या पानात सरकवला.

कौतूनं तो सावकाश खाल्ला. फार चांगला झाला होता. ते त्यानं बोलून दाखवलं नाही.