शिसं भरलेला डबा

ताईच्या शिवणकामाच्या दुकानात केर काढायच्या आधी टाचण्या वेचायची पद्धत होती. ताई मशीनवरून उठली की धाकटी बहीण घोड्याच्या नालेच्या आकाराचं चुंबक दोरीला बांधून फरशीवरून फिरवायची. आई-वडील गेल्यावर ताईनं या दुकानाच्या जिवावर तिला वाढवलं, शिकवलं, आणि स्वतःचं लग्न ‘बघू पुढे’ म्हणत कायमचं पुढे ढकललं. धाकटीला चुंबकाचं वेड लागलं ते तिथंच. ती शास्त्रज्ञ झाली तेव्हा ताई गिऱ्हाइकांना म्हणायची, “माझ्या टाचण्या वेचत मोठी झालीय ती, त्याचं काय एवढं कौतुक!” आणि मग तासभर कौतुकच करत बसायची.

धाकटीचं काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. कॅन्सरचं औषध शिरेतून दिलं की ते अंगभर हिंडतं. जिथं हवं तिथं थोडंच पोचतं, बाकीचं केसांची, जिभेची, पोटाची वाट लावतं. तिनं ते औषध लोखंडाच्या नॅनोकणांवर बसवलं होतं. गाठीच्या वर, अंगाबाहेरून, डब्यात बंद केलेलं जबर ताकदीचं चुंबक पट्ट्यानं बांधायचं. रक्तातून जाता जाता कण तिथं अडकतात आणि औषध तिथंच उतरतं. उंदरांत हे झकास जमलं. आता माणसांवर चाचणी सुरू झाली होती, आणि नेमकी ताईच्याच यकृतात, बरगडीच्या लगेच खाली, गाठ निघाली; तीही चाचणीत दाखल झाली. नशीबसुद्धा कसं माप घेऊन शिवतं बघा.

चाचणीत अर्ध्या रोग्यांना खरं चुंबक मिळायचं, अर्ध्यांना खोटं. कोणाच्या पट्ट्यात कुठला डबा, हे ना रोग्याला ठाऊक, ना डॉक्टरांना, ना धाकटीला. खोटे डबे तिनंच बनवले होते. आत शिसं भरून वजन तंतोतंत जुळवलं, रंग तोच, हाताला लागणारा गारवाही तोच. “ब्रह्मदेवालाही ओळखू येणार नाही,” असं तिचे सर म्हणाले तेव्हा धाकटीची स्वारी भलतीच खूश झाली होती. शिवाय कोणी डब्याला लावून बघू नये म्हणून त्या वॉर्डात धातू न्यायला बंदी. नर्स घड्याळ, बांगड्या, केसांतल्या पिना, सगळं काढून ठेवायची.

पण शिंपिणीच्या अंगावर टाचणी नाही, असं कधी झालंय का? ताईच्या सदऱ्याच्या काठात एक कायम खोचलेली असायची. ती नर्सला दिसली नाही, आणि जिचं बालपण टाचण्या वेचण्यात गेलं तिलाही सुचली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

धाकटी भेटायला आली तेव्हा औषध चालू होतं. ताईनं काठातली टाचणी काढली, बरगडीवरच्या डब्याला टेकवली आणि सोडली. टाचणी घरंगळत चादरीवर पडली.

“बघ,” ताई म्हणाली. “पलीकडच्या खाटेवरच्या मास्तरांच्या डब्याला कशी खाडकन चिकटली. मी लावून पाहिली ना. माझ्या डब्याला का नाही गं चिकटत?”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी धाकटीची गत झाली. खरे डबे कपाटात होते आणि किल्ली तिच्या पर्समध्ये. डबा बदलायचा विचार तिच्या मनात आला, आणि बराच वेळ राहिला. पण एक डबा बदलला की सगळ्या रोग्यांचे निष्कर्ष खोटे, एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात. शिवाय त्या मेहनतीवर तिचं नाव होतं. तेही तिला सुटेना, उगाच कशाला झाकून ठेवायचं?

“तुझा वेगळ्या जातीचा आहे, ताई,” ती म्हणाली. “टाचण्या नाही ओढत. फक्त औषधाचे कण ओढतो.”

“असं होय,” ताई म्हणाली, आणि टाचणी परत काठात खोचली.

त्यानंतर मास्तरांना भूक लागायला लागली. ते जेवणाला नावं ठेवू लागले, नर्सशी भांडू लागले, म्हणजे सुधारलेच म्हणायचे. ताईचे केस गेले, डोळे पिवळे पडले, मनगटं मशीनच्या दांडीसारखी झाली. धाकटी रोज यायची आणि त्या डब्याकडे न बघता बोलायची. सरांना आनंद होता की कोणाचा डबा कुठला ते ठाऊक नसतानाही रोग्यांत फरक स्पष्ट दिसतोय, काही सुधारतायत, काही खंगतायत. त्या फरकाची एक बाजू आपली बहीण आहे, हे तिला कळत होतं, आणि स्वतःची किळस येत होती.

एक दिवस ताई म्हणाली, “जरा पट्टा सैल कर गं. टोचतोय.”

धाकटीनं पट्टा सोडला. डब्याखाली अस्तराच्या कापडात काहीतरी गुंडाळलेलं होतं. तिनं कापड उलगडलं. आत दुकानातलं चुंबक निघालं, लाल रंग उडालेलं, टोकाला अजून एक वाकडी टाचणी चिकटलेली.

“शेजारणीकडून मागवलं,” ताई म्हणाली. “उशीच्या अभ्र्यात दडवते. औषध चालू झालं की पट्ट्यात सरकवते.”

“ताई, मी सांगितलं होतं ना, तुझा डबा वेगळ्या—”

“गप. एवढी शिकलीस, पण खोटं बोलायला काही शिकली नाहीस. लहानपणी वाटी फोडून यायचीस तेव्हा असाच चेहरा करायचीस.” ताईच्या आवाजात राग नव्हता, आणि धाकटीला तेच सोसेना. “तुझी काहीतरी अडचण असेल, म्हणून विचारलं नाही. म्हटलं, आपलं आपण बघावं.”

धाकटी चुंबक हातात धरून उभी राहिली. त्याची ओढ कुठवर पोचते, हे जगात तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. कातडीच्या आतही ती धड जात नव्हती.

“पण एवढं सांग,” ताईनं उत्सुकतेनं विचारलं. “हे तरी ओढतं ना गं?”

हे चुंबक चाचणीतलं नव्हतं, आता आड यायला कुठला नियम नव्हता. खरं सांगायला ती मोकळी होती, आणि खरं उत्तर ‘नाही’ हे होतं.