बांधावरची जागा

महिपतने चिखलात गुडघा टेकला, कॅमेरा पोटाशी धरला आणि वरच्या काचेत पाहिलं. मिठागराचा बांध दिसत होता. बांधावर काहीच नव्हतं.

"इथं घेण्यासारखं काही नाही हो, बाई," तो म्हणाला.

"तिथंच बसायचा गोविंदा," मागे उभी असलेली तुळसा म्हणाली. "तेवढीच जागा काढा, भाऊ."

गोविंदा तिचा मुलगा. माघात तापानं गेला. त्याचा एकही फोटो नव्हता. लग्नात काढू, लग्नात काढू म्हणता म्हणता राहून गेलं. ठाण्याच्या कचेरीतला हा कारकून दर रविवारी कोपरीच्या खाडीवर येतो आणि चिखलाचे, पाण्याचे फोटो काढतो, हे ती बघत आली होती. मग बांधाचाही निघेल, एवढाच तिचा हिशेब.

महिपतला तिची कीव आली, खोटं कशाला बोला. पण हौशी माणसाची कीव फार वेळ टिकत नाही. चौकटीची डावी बाजू ओकीबोकी दिसत होती. असला फोटो काढायचा तर एवढी तंगडतोड कशाला करायची? तो जरा बाजूला सरकला, आणखी सरकला, पार खाली वाकला. पावसाआधी गवतानं शाकारून ठेवलेली मिठाची काळपट रास हळूहळू बांधाच्या पुढे आली आणि तिने ती रिकामी जागा नेमकी भरून काढली. खाली पाण्यात तिची सावली पडली होती. चौकटीला वजन आलं. त्याने खटका दाबला.

"बांध आला ना?"

"आला की."

बांध आलाच होता. थोडा राशीमागे गेला होता, इतकंच. बाईला कोन कशाशी खातात हे काय कळणार, असं मनाशी म्हणत त्याने कॅमेरा मिटला.

फोटो असा काही उतरला की त्याचं त्यालाच खरं वाटेना. हौशी मंडळींच्या प्रदर्शनात तो लागला. लोक त्याच्यापुढे थांबायचे, मान तिरकी करून बघायचे, आणि महिपत जवळपास घुटमळत राहायचा. या कौतुकात तुळसाची प्रत द्यायची राहूनच गेली. लाज वाटून तो प्रत घेऊन खाडीकाठी तिच्या घरी गेला तेव्हा दिवाळी उलटली होती.

तुळसाने हात लुगड्याला पुसले, फोटो मांडीवर घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"बांध त्योच?"

"तोच."

"मंग गोविंदा कुठं बसला असता यात?"

महिपतने बोट ठेवलं. ते राशीवर टेकलं होतं.

"इथं तं रास हाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

"मी पुन्हा काढतो. आत्ताच. चला तुम्ही."

"कशाचा काढता?" तिने हनुवटीनेच खाडीकडे दाखवलं. "श्रावणातल्या उधाणानं बांध नेला. मिठागराच्या शेठनं मग नाय बांधला."

महिपतने पाहिलं. मिठागर होतं तिथं राखाडी पाणी पसरलं होतं. वाकून पाहिलं काय, सरकून पाहिलं काय, पाणीच दिसलं असतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही रास पुसता येल का?"

"नाही हो, बाई. ते पुसलं जात नाही."

तिने पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवलं आणि राशीवर घासायला सुरुवात केली. प्रदर्शनात कुणी नुसतं बोट लावायला गेलं असतं तरी महिपत त्याच्या अंगावर धावून गेला असता. कागदावरचा काळा थर हळूहळू फुगला आणि तिच्या नखाबरोबर सुटू लागला. सगळी रास तिने काढली नाही. बसलेल्या माणसाएवढीच जागा ती खरवडत होती. आधी डोकं, मग पाठ, मग पुढे घेतलेले गुडघे. खालचा पांढरा कागद उघडा पडत होता.

ओला फोटो तिच्या मांडीवरून सारखा सरकत होता.

महिपत तिच्यापुढे खाली बसला आणि त्याने फोटोचे कोपरे दोन्ही हातांनी धरून ठेवले.