गांडुळांना घातलेलं सूप

सातव्या महिन्यातच सुन्निवाला दवाखान्यात झोपवून ठेवलं, तेव्हा तिचे वडील इंगवाल्ड बेटावरचं घर बंद करून बर्गन शहरात तिच्या घरी येऊन राहिले. त्यांचा जन्म गेला फेरीबोटीची इंजिनं सांभाळण्यात. भेटायची वेळ दुपारची. बाकीचा दिवस खायला उठायचा. जावई ऐरिक समुद्रातल्या तेलविहिरीवर, वारा पडेपर्यंत हेलिकॉप्टर निघायचं नव्हतं.

नळाचा वायसर बदलून झाला, बिजागऱ्यांना तेल देऊन झालं. उरली स्वयंपाकघरातली, ओल्या कचऱ्याचं खत करणारी गांडुळांची पेटी. "आठवड्यातून दोनदा, मूठभर," असं सुन्निवाने बजावलं होतं. पण बटाट्याची सालं टाकली की इंगवाल्ड थोड्याच वेळात झाकण उचलायचे. खाल्ली नाहीत? मग केळ्याची साल घातली. तीही तशीच? मग संत्र्याची. एकदा तर उरलेलं माशाचं सूपसुद्धा ओतलं.

एका सकाळी कॉफी ठेवायला गेले तर पायाखाली काहीतरी मऊ लागलं. लाल गांडुळं फरशीवर, कपाटाच्या दारावर, त्यांच्या सपातेतही. पेटीला आंबूस वास येत होता.

त्यांनी फोन लावला.

"बाबा? असा का आवाज येतोय तुझा?"

"काही नाही. तू कशी आहेस?"

"पडलेय. बोल ना."

"तुझी गांडुळं घर सोडून निघालीयत."

"काय घातलंस त्यांना?"

"जरासं... संत्रं. आणि सूप."

"सूप? अरे, गांडुळं आहेत ती, जावई नव्हेत! तरी सांगून ठेवलं होतं!"

मग ती सांगत गेली आणि ते गुडघे टेकून करत गेले. सडलेलं सगळं उपसून काढलं. गांडुळं बोटांनी वेचून पेटीत सोडली.

"आता अंथरूण बदल. पेपर फाड, पुठ्ठाही फाड, बारीक पट्ट्या कर. भिजव आणि घट्ट पीळ. फरशीचं फडकं पिळतोस ना, तसं. थोडी अंड्याची टरफलं चुरून टाक. झाकण उघडं ठेव, दिवा चालू ठेव. उजेडाला कंटाळून आपोआप खाली जातात."

"आणि मग?"

"मग काही नाही. काही घालायचं नाही, उचकायचं नाही."

"बघायचंही नाही?"

"बाबा!"

ते पेपर फाडत राहिले. मग ती हळूच म्हणाली, "सकाळपासून बाळ फारसं हललं नाहीये."

इंगवाल्डचे हात थांबले. "नर्सला सांगितलंस?"

"बाळाचे ठोके बघायचं यंत्र लावून गेलीय. डॉक्टर येतायत. तू फोन ठेवू नकोस."

"नाही ठेवत."

"फाडत राहा. आवाज येऊ दे."

त्यांनी फोन पेटीच्या कडेवर टेकवला आणि कालचा पेपर, परवाचा पेपर, हाती येईल ते फाडत सुटले. तिकडे माणसांचे आवाज वाढले, कुणीतरी घाईघाईने काही विचारलं, आणि फोन बंद झाला.

हाताला ओल्या कागदाचे कपटे तसेच. दिवा जळता ठेवून ते निघाले. बस सिग्नलला थांबली ती हलेना, तेव्हा उतरून पावसातून चढ चढत गेले. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत पोट उघडून मुलगी काढलीही होती. सुन्निवा ठीक होती. मुलगी मात्र मूठभर. काचेच्या पेटीत, अंगाला नळ्या.

वारा पडला तसा संध्याकाळी ऐरिक आला आणि सुन्निवापाशी बसला. पुढचे कितीतरी दिवस इंगवाल्ड नातीपाशी बसायचे. घरी गांडुळं आपापली खाली गेली होती. फ्रिजमागे वाळलेली चार-दोन तेवढी झाडून टाकावी लागली.

पहिल्याच दिवशी नर्सने काचेची खिडकी उघडून दिली. इंगवाल्डनी लगेच बोटाने नातीचा दंड चोळायला घेतला. तिचा चेहरा आक्रसला.

"आजोबा, हात फिरवू नका," नर्स म्हणाली. "इतक्या लहान बाळांना सोसत नाही. नुसता ठेवा."

त्यांनी हात तिच्या पाठीवर ठेवला. बोटं पुन्हा चोळायला निघाली, म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरलं. किती वेळ तसेच बसले कोण जाणे. मुलीच्या पाठीचं वर-खाली होणं त्यांच्या तळव्याला लागत होतं.